पायलटच्या निवृत्तीचं वय ठरवलं कुणी?

नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ ला प्रवासी विमानं उडू लागली. त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी इंडिगोची देशभरातली हजारो उड्डाणं रद्द झाली होती. पायलटांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबरला लागू झाला, आणि रोस्टर, म्हणजे पायलटांच्या ड्यूटीचं वेळापत्रक, भरायला माणसं पुरेनात. या दोन घटना इतक्या पाठोपाठ घडल्या, की खारघर-उलवे-कामोठ्याच्या पट्ट्यात घरोघरी एकच प्रश्न निघू लागला: पायलट कमी आहेत, तर पासष्टी गाठलेल्या ठणठणीत कॅप्टनला घरी का बसवायचं? प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचं उत्तर द्यायचं तर हा ६५ चा आकडा आला कुठून, हे आधी पाहावं लागतं. आणि तो डॉक्टरांच्या तपासणीच्या टेबलावरून आलेला नाही.

सुरुवात अमेरिकेत झाली. १९५८-५९ चा काळ. पंख्याच्या विमानांची जागा जेट घेत होती आणि जुन्या पायलटांना नव्या यंत्रावर शिकवणं कंपन्यांना महाग पडत होतं. अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या पायलटांना साठाव्या वर्षी सक्तीने निवृत्त करायला सुरुवात केली. संघटनेने तक्रार केली, प्रकरण लवादाकडे गेलं आणि लवादाने कौल पायलटांच्या बाजूने दिला. तेव्हा कंपनीचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांनी फेब्रुवारी १९५९ मध्ये नुकत्याच स्थापन झालेल्या सरकारी नियामक संस्थेचे प्रमुख एलवुड क्वेसाडा यांना पत्र लिहिलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात साठीचा नियम जाहीर झाला आणि १५ मार्च १९६० पासून सगळ्या अमेरिकी विमान कंपन्यांना तो बंधनकारक झाला. १९६१ च्या सुरुवातीला क्वेसाडा पदावरून उतरले आणि अमेरिकन एअरलाइन्सच्या संचालक मंडळावर गेले. नोकरीच्या अटींवरून झालेलं भांडण कंपनी लवादापुढे हरली, आणि तेच पुढे सुरक्षेचा नियम म्हणून सरकारकडून आलं. नंतर जगभर पसरलेला आकडा इथे जन्मला, म्हणून हा क्रम मला विसरण्यासारखा वाटत नाही.

तरीही नियमामागचं कारण खोटं होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. वय वाढतं तसा हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येण्याचा धोका वाढतो, आणि तो नेमका कुणाला, कधी येईल हे कोणत्याही तपासणीत पक्कं सांगता येत नाही, असं नियामकांचं म्हणणं होतं. ते आजही खरं आहे. एप्रिल १९६६ मध्ये ओक्लाहोमातल्या आर्डमोर इथे उतरताना अमेरिकन फ्लायर्सचं विमान कोसळलं आणि ८३ माणसं गेली. कॅप्टनला हृदयविकाराचा झटका आला होता. आपला जुना आजार त्याने वैद्यकीय तपासणीत लपवला होता. जून १९७२ मध्ये लंडनजवळ स्टेन्स इथे ब्रिटिश युरोपियन एअरवेजचं विमान पडलं, ११८ जण मेले. शवविच्छेदनात कॅप्टनच्या हृदयाच्या धमन्यांचा गंभीर आजार उघड झाला. पहिला कॅप्टन ५९ वर्षांचा होता, दुसरा ५१ चा. साठीच्या नियमाने दोघांपैकी एकालाही थांबवलं नसतं.

अशा अपघातांनंतर उड्डाणाची शिस्त बदलली ती वेगळ्या वाटेने. एक पायलट अचानक निकामी झाला तर दुसऱ्याने विमान कसं ताब्यात घ्यायचं, याचा सराव सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, सुरू झाला. १९८० च्या दशकात युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी एक मोजपट्टी सुचवली: ज्याला वर्षभरात अचानक निकामी होण्याची शक्यता एक टक्क्याच्या आत आहे, असा पायलट दुसऱ्या पायलटसोबत उडवायला हरकत नाही. ‘एक टक्क्याचा नियम’ म्हणून वैमानिकी वैद्यकात तो अजून चालतो. हा विचार प्रत्येक माणसाची प्रकृती बघतो. साठीचा आकडा फक्त वाढदिवस बघतो. दोन्ही शेजारी शेजारी नांदत आले आहेत आणि पुढचे बहुतेक वाद या दोहोंमधल्या ओढाताणीतूनच निघाले.

१९७८ मध्ये आयकाओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेने, आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या कॅप्टनसाठी साठ हे जागतिक मानक केलं. ते जवळपास तीन दशकं टिकलं. २३ नोव्हेंबर २००६ ला मर्यादा ६५ झाली, पण अट अशी की विमानातल्या दोन पायलटांपैकी एक साठीच्या आतला हवा. त्या वेळी आशियात आणि आखातात नव्या कंपन्या निघत होत्या आणि कॅप्टन मिळत नव्हते. अमेरिकेत कारण आणखी वेगळं होतं. ११ सप्टेंबर २००१ नंतर युनायटेड, यूएस एअरवेजसारख्या कंपन्या दिवाळखोरीत गेल्या आणि पायलटांची पेन्शन कापली गेली. ज्यांना साठीला सुखाने घरी बसायचं होतं त्यांना आता आणखी पाच वर्षं पगार हवा होता. वर्षानुवर्षं वय वाढवायला विरोध करणाऱ्या अमेरिकी पायलट संघटनेनेही मे २००७ मध्ये भूमिका बदलली, आणि १३ डिसेंबर २००७ ला राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या सहीने तिथे ६५ चा कायदा झाला. नोव्हेंबर २०१४ मध्ये आयकाओने तरुण जोडीदाराची अटही काढली. जपानने २०१५ मध्ये मर्यादा ६७ वर नेली. कॅनडात देशांतर्गत उड्डाणांना वयाचं सरसकट बंधन नाही.

म्हणजे आकडा हलला तेव्हा त्याला ढकललं ते माणसांच्या तुटवड्याने किंवा पैशाच्या गरजेने. वैद्यकशास्त्र मागून येऊन मान डोलवत राहिलं.

आपल्याकडची कथाही फार निराळी नाही. सरकारी एअर इंडियात कायमची नोकरी ५८ व्या वर्षी संपायची. हे वय उडण्याच्या क्षमतेवरून ठरलेलं नव्हतं. जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांनाही तेच वय लागू होतं. याच संदर्भात एक नोंद करावीशी वाटते. १५ जानेवारी २००९ ला दोन्ही इंजिनं बंद पडलेलं विमान हडसन नदीत उतरवून १५५ जणांना वाचवणारे कॅप्टन सलेनबर्गर त्या दिवशी ५७ वर्षांचे होते, आणि आठ दिवसांनी ५८ पूर्ण करणार होते. आपल्या जुन्या नियमात ती त्यांची शेवटची काही उड्डाणं ठरली असती.

खासगी उड्डाणाला हे बंधन लागतच नाही. ऑक्टोबर १९८२ मध्ये जे. आर. डी. टाटांनी आपल्या पहिल्या टपाल उड्डाणाच्या पन्नासाव्या वर्षी कराची ते जुहू हा प्रवास लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा केला, तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. मर्यादा येते ती तिकीट काढून मागे बसलेल्या प्रवाशासाठी.

२००३ मध्ये एअर डेक्कन आली, २००५ मध्ये स्पाइसजेट, किंगफिशर आणि गो एअर, २००६ मध्ये इंडिगो. कॅप्टनची इतकी चणचण झाली की परदेशी पायलटांना तात्पुरत्या परवान्यावर आणावं लागलं. डीजीसीएने, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक नियामकाने, २००५ मध्ये नोकरी सोडणाऱ्या पायलटांवर सहा महिन्यांच्या नोटिशीची सक्ती केली आणि २०१७ मध्ये कॅप्टनसाठी ती वर्षावर नेली. इतर कुठल्या खासगी नोकरीत सरकार असं बांधून ठेवत नाही. एअर इंडिया आपल्याच निवृत्त पायलटांना कंत्राटावर परत घेई. मग एप्रिल २०२० मध्ये कोविडने विमानं जमिनीवर आली आणि अशा सुमारे २०० जणांची कंत्राटं एका झटक्यात थांबली. दोन वर्षांनी, टाटांकडे गेलेल्या त्याच कंपनीने निवृत्तीनंतर ६५ पर्यंत ठेवून घेण्याचं धोरण जाहीर केलं, आणि २०२५ मध्ये पायलटांचं निवृत्तीचं वयच ६५ केलं. ज्येष्ठ पायलटांना इतकी वर्षं नळासारखं वापरलं गेलं: गरज लागली की सोडायचं, नाही लागली की बंद. ज्यांच्या हाती शेकडो जीव सोपवतो त्यांच्याशी असं वागणं मला पटत नाही.

आता जगभर ६७ ची मागणी आहे. अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये प्रतिनिधीगृहाने ती मंजूर केली, पण मे २०२४ च्या अंतिम कायद्यात ती राहिली नाही. २०२५ च्या शरदात विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने, आयाटाने, मॉन्ट्रियलच्या आयकाओ अधिवेशनात तीच मागणी मांडली, तीही फेटाळली गेली. विरोधकांचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. एका देशाने एकट्याने वय वाढवलं तर ६५ वरचा कॅप्टन परदेशी उड्डाणावर जाऊ शकत नाही. मोठ्या विमानावरून त्याला देशांतर्गत छोट्या विमानावर आणावं लागतं, म्हणजे नवं टाइप रेटिंग (त्या प्रकारचं विमान उडवायची वेगळी परवानगी), सिम्युलेटरचे तास, आणि ज्याची जागा तो घेतो त्याचीही खाली सरक. दोन वर्षांची भर पडण्याआधी काही महिने प्रशिक्षणातच जातात.

आपल्या भागाच्या दृष्टीने मला यापेक्षाही मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे तुटवडा नक्की कुणाचा, ही. नेरुळ, वाशी, ठाण्यात असे कितीतरी आईवडील आहेत ज्यांनी घर गहाण ठेवून मुलाला बारामतीला, गोंदियाला किंवा परदेशात सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, करायला पाठवलं. २०० तासांचं उड्डाण झालं, लायसन्स हातात आलं, आणि पोरगा नोकरीची वाट बघत घरी बसला. कमतरता आहे ती कॅप्टनची. लायसन्स मिळालेल्या मुलाचा कॅप्टन व्हायला किमान १५०० तास आणि कंपनीच्या अटींनुसार त्याहून पुष्कळ जास्त, म्हणजे कित्येक वर्षं लागतात. आणि या वाटेवर त्याच्या शेजारच्या सीटवर बसून शिकवायला प्रशिक्षक कॅप्टनच लागतो. अडकतं ते तिथे. निवृत्तीचं वय दोन वर्षांनी वाढवलं तर दोन वर्षांसाठी कॅप्टन मिळतील, पण रांगेतला मुलगा तेवढाच मागे राहील.

म्हणून साठी ओलांडलेल्या, दर सहा महिन्यांनी मेडिकल देणाऱ्या कॅप्टनना शक्य तितकं प्रशिक्षणाच्या कामाला लावावं आणि ६५ नंतर सिम्युलेटरवर शिकवायला सन्मानाने ठेवून घ्यावं, असं मला वाटतं. तुटवडा अचानक आला, हे कंपन्यांचं म्हणणं निवृत्तीपुरतं तरी टिकत नाही, कारण प्रत्येक कॅप्टनची जन्मतारीख त्यांच्या दप्तरी पहिल्या दिवसापासून असते. येत्या पाच वर्षांत आपले किती कॅप्टन ६५ पूर्ण करणार आणि त्याच काळात किती को-पायलटांना कॅप्टन करणार, हे दोन आकडे प्रत्येक विमान कंपनीने जाहीर करावेत, आणि नवी मुंबईसारख्या नव्या विमानतळावर आणखी उड्डाणांची परवानगी देताना डीजीसीएने ते मागून घ्यावेत.