१४ एप्रिल, दुपारी चार वाजून सहा मिनिटं

एप्रिल अर्ध्यावर आला की सोसायट्यांत, शाळांत, कारखान्यांत अग्निशमन सप्ताहाची पत्रकं लागतात. अंगणात पत्र्याच्या ट्रेमध्ये जाळ करतात, जवान लाल नळकांड्याची पिन ओढून दाखवतात, वॉचमनला एकदा हाताळायला देतात, टाळ्या पडतात आणि चहा होतो. सप्ताह १४ ते २० एप्रिल. १४च का, असं टाळ्या वाजवणाऱ्यांना विचारलं तर सहसा उत्तर येत नाही.

उत्तर न येण्याचं एक कारण सरळ आहे. महाराष्ट्रात १४ एप्रिल ही तारीख बाबासाहेबांची. १८९१ साली महूला त्यांचा जन्म झाला, १९२८ साली पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी त्यांची जयंती सार्वजनिकरीत्या साजरी केली आणि तेव्हापासून त्या दिवसाला दुसरी ओळख लागलीच नाही. दिनविशेषाच्या सदरात मात्र खाली आणखी ओळी असतात. १८६५ : लिंकनवर गोळी झाडली. १९१२ : टायटॅनिक हिमनगावर आदळली. आणि १९४४ : मुंबई गोदीत स्फोट. योगायोगांची मोट बांधायची हौस मला नाही; लिंकन आणि टायटॅनिक यांच्यात तारखेपलीकडे काही नातं नाही. पण ती गोदीची ओळ अशी इतरांच्या रांगेत उभी केलेली मला दरवर्षी खटकते.

फोर्ट स्टिकीन हे सात हजार टनांचं मालवाहू जहाज, १९४२ साली कॅनडात बांधलेलं. फेब्रुवारी १९४४ मध्ये ते इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं, कराचीला थांबलं आणि १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलं. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा, सुटी केलेली लढाऊ विमानं आणि पेट्यांत बंद १२४ सोन्याच्या विटा, एकेक जवळजवळ पावणेतेरा किलोची. कराचीला काही माल उतरवून रिकाम्या जागेत मिळेल तो माल भरला होता : कापसाच्या ८७०० गाठी, तेलाची पिंपं, लाकूड, गंधक, भंगार, शिवाय मासळीचं खत. भरणी कशी केली होती ते पाहिलं की अंगावर काटा येतो. दोन नंबरच्या फाळक्यात, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या कप्प्यात, तळाशी कापूस होता आणि त्याच्या वरच्या मजल्यावर अतिसंवेदनशील स्फोटकं.

शांततेच्या काळात असं जहाज गोदीत येऊच देत नसत. बाहेर नांगर टाकायचा, लाल बावटा लावायचा, माल होड्यांतून थोडाथोडा उतरवायचा, असा नियम होता. पण युद्ध चालू होतं, बंदर तुंबलं होतं, घाई होती. जहाज थेट धक्क्याला लागलं, बावटाही नव्हता. बंदरात बाजूला उभ्या असलेल्यांना शेजारी काय आहे याचा पत्ता नव्हता.

१४ तारीख, शुक्रवार. जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास आसपासच्या जहाजांवरच्या काही जणांना धुराची रेघ दिसली होती, पण कोणी हाक दिली नाही. हमाल सुट्टीवरून परतले तेव्हा फाळक्यातून धूर येत होता. बिडी-सिगारेटची ठिणगी कापसात पडली असावी, हा पुढे सर्वांत जास्त मानला गेलेला अंदाज. बंब आले, पाणी सुरू झालं. फाळक्यात सुमारे ९०० टन पाणी ओतलं, आणि तिथेच घात झाला. पाणी चढलं तसा जळता कापूस तरंगत वर, स्फोटकांच्या दिशेने सरकला. जहाजाचा पत्रा तापून रंगाला फोड यायला लागले. जहाज बुडवायचं की ओढून समुद्रात न्यायचं यावर अधिकाऱ्यांचं एकमत होईना. ‘बुडवा’ म्हणणारे होते, पण गोदीत पाणी तेवढं खोल नव्हतं. ३.५० च्या सुमारास जहाज सोडायचा हुकूम सुटला.

४.०६ ला पहिला स्फोट झाला, ४.३४ ला दुसरा. सिमल्यातल्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. जलपद्मा नावाचं जवळपास चार हजार टनांचं जहाज लाटेने उचललं आणि त्याचा मागचा भाग गुदामाच्या छपरावर नेऊन ठेवला. तेरा जहाजं गेली. जळता कापूस, तेल आणि लोखंड मशीद बंदर, मांडवी, कर्नाक बंदराच्या वस्तीवर पडलं आणि हजारो माणसं उघड्यावर आली. सोन्याच्या विटाही उडाल्या. त्यातली एक मैलभर अंतरावरच्या एका पारशी गृहस्थाच्या घरात येऊन पडली. त्यांनी ती सरकारला परत केली. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले.

मृतांचा एक ठरलेला आकडा नाही. अंदाज ८०० पासून १३०० पर्यंत जातात. रोजावर आलेला हमाल त्या दुपारी गोदीत होता की नव्हता, हे कुठल्या वहीतून काढणार? एक आकडा मात्र पक्का आहे. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान मेले. त्यांच्यासाठीच १४ एप्रिल देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे.

आता माझा मुद्दा. हा स्फोट लोक हळूहळू विसरले असं म्हणतात, ते अर्धंच खरं. विसरायला लावायची सुरुवात त्याच आठवड्यात झाली. अर्ध्या मुंबईने धुराचा लोट पाहिला होता, पण बातमी बाहेर पाठवायला सेन्सॉरची बंदी होती. जगाला बातमी दुसऱ्या दिवशी दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने. इथल्या वार्ताहरांना ती बाहेर पाठवायची मुभा मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. तोवर शत्रूच्या रेडिओवर ऐकलेलं आणि घरी आलेल्या जखमी माणसाने सांगितलेलं, एवढ्यावरच भागवायचं. घातपात झाला, पाणबुडी आली होती, अशा वावड्या उठल्या नसत्या तरच नवल.

भरपाईचं गाडं वेगळंच. विमा कंपन्या म्हणाल्या, आगीचा विमा आहे, स्फोटाचा नाही. शेवटी सरकारने १९४४ मध्येच खास वटहुकूम काढून भरपाईची सोय केली. गुदामांतलं ५० हजार टनांहून जास्त धान्य गेलं होतं, तेही बंगालच्या दुष्काळाच्या पाठोपाठ; काळ्या बाजाराला आणखी काय हवं? गोदी पुन्हा चालू करायला सुमारे आठ हजार माणसं सहा-सात महिने राबली. राडारोडा पाच लाख टनांच्या घरात होता.

पुढेही कित्येक वर्षं बंदरातला गाळ काढताना यंत्राच्या तोंडी अधूनमधून काही लागायचं. कधी सोन्याची वीट, कधी न फुटलेला तोफगोळा. अगदी २०११ साली, स्फोटाला ६७ वर्षं होऊन गेल्यावरही, गाळातून जिवंत गोळा वर आला होता.