ज्येष्ठता यादीत पहिलं नाव, म्हणून मुख्याध्यापक पक्के?

नागपुरात महालपासून धरमपेठपर्यंत कुठल्याही अनुदानित शाळेच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य कानावर पडतंच: "पुढचे एचएम तेच, यादीत पहिले आहेत ना!"

हे अर्धंच खरं आहे. खासगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीतला नियम ३ मुख्याध्यापकपद ज्येष्ठतम शिक्षकालाच देतो, पण अटी घालून. माध्यमिक शाळेसाठी पदवीनंतर किमान ५ वर्षं पूर्णवेळ अध्यापन हवं, त्यातली किमान २ बी.एड.नंतरची. शिवाय सेवेचा अभिलेख समाधानकारक हवा. ही शेवटची अट लोक सोयीस्करपणे विसरतात.

आणि राजेहो, नियमात बसलं म्हणजे काम जमलं असंही नाही. उत्तम गणित शिकवणाऱ्या सरांना शालार्थ या सरकारी ऑनलाइन प्रणालीतली वेतन देयकं, यु-डायस या सरकारी नोंदणीत भरायची शाळेची माहिती, पोषण आहाराच्या तांदळाचा साठा हे सगळं एकाच आठवड्यात समोर येतं. खिचडी मुलांच्या ताटात पडण्याआधी कोणीतरी चाखून नोंदवहीत सही करायची असते. नसेल केली, तर तपासणीत उत्तर मुख्याध्यापकच देतात.

ज्यांना पुढे जायचंय त्यांनी पर्यवेक्षकपदाची वाट न बघता परीक्षा विभाग मागून घ्यावा. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात. त्याआधी एकदा अख्ख्या शाळेचं वेळापत्रक बसवून बघा.