चांदण्यांचा तक्ता आणि दीड वर्षाचं पोर

आमच्या सांगलीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या लहान पोरांना घरकामाची गोडी लावणारा एक तक्ता फिरतोय, चिमटे गोळा केले तर एक चांदणी, शेंगा सोलल्या तर दोन, दहा झाल्या की चॉकलेट. खाली सगळ्यांचे अंगठेच अंगठे. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

मुळात पोरांना कामाची गोडी लावावी लागते हाच गैरसमज. २००६ साली फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी जर्मनीत १८ महिन्यांच्या मुलांसमोर कपडे वाळत घातले. चिमटा हातातून निसटला आणि परत घेता येईना असं दाखवलं की बरीच पोरं आपणहून जाऊन आणून द्यायची, बक्षीस नाही की शाबासकी नाही. पण चिमटा मुद्दाम फेकला तर सहसा उचलायची नाहीत! म्हणजे समोरच्याला ती वस्तू हवीय की नकोय, हे त्यांना कळत होतं.

२००८ मध्ये त्याच दोघांनी २० महिन्यांच्या मुलांवर पुढचा प्रयोग केला. काहींना मदतीबद्दल खेळणं दिलं, काहींचं नुसतं कौतुक, काहींना काहीच नाही. नंतर खेळणं बंद केल्यावर खेळणंवाली पोरंच मागं पडली.

असं का? १९७३ साली मार्क लेपर वगैरेंनी चित्रं काढायची आवड असलेली बालवाडीतली मुलं घेतली. प्रमाणपत्र मिळेल असं आधी सांगून चित्रं काढून घेतली ती मुलं नंतर मोकळ्या वेळात स्केचपेनकडं साधारण निम्माच वेळ वळली. ज्यांना तेच प्रमाणपत्र अचानक दिलं त्यांचा रस तसाच राहिला. म्हणजे घोळ बक्षिसात नाही, आधी ठरलेल्या सौद्यात आहे. याला ओव्हरजस्टिफिकेशन म्हणतात. आपण अमुक का करतो हे माणूस बऱ्याचदा स्वतःच्या वागण्यावरूनच ताडतो, आणि बाहेरचं ठळक कारण दिसलं की आतलं कारण हिशोबातून वजा होतं. अर्थात ज्या कामात मुळात रसच नाही तिथं बक्षिसानं असं नुकसान होत नाही, त्यामुळं दहावीच्या पोराला हे जसंच्या तसं लावू नका.

लहानग्यांच्या बाबतीत आपणच "हो बाजूला, सांडशील" म्हणतो. पोरगं हौसेनं केरसुणी घेतं तर आजी म्हणते तिन्हीसांजेला केर काढला की लक्ष्मी जाते. लक्ष्मी कुठं जात नाही, काढू दे की त्याला! शेंगा फोडायला बसवलं तर निम्मे दाणे तोंडात जाणार, टरफलं सोफ्याखाली, आणि काम दुप्पट होणार हे धरूनच बसवायचं.

आणि त्या तक्त्यावरच्या चित्रात भांडी पुसणारी, कपडे घड्या घालणारी सगळीकडं मुलगीच काढलीय, ते आधी बदला.