आरव्ही किती फूट लांब? या प्रश्नामागची शंभर वर्षं

मार्च उजाडला की अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये स्प्रिंग ब्रेकची आखणी सुरू होते. भारतातून आई-बाबा आलेले असतील तर आरव्हीचा, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीचा, विषय हमखास निघतो. रोज हॉटेल बदलायला नको, चहा आपल्या हातचा आणि बाथरूम कायम बरोबर. मग नॅशनल पार्कमधली कॅम्पसाइट बुक करायला बसावं, तर आधी गाडीची लांबी विचारतात. तिथे ३५ फूट टाकले की मोकळ्या दिसणाऱ्या बऱ्याच जागा एकदम हातच्या जातात. ही अडवणूक वाटते खरी, पण तिचं मूळ शोधायला १९३० च्या दशकात जावं लागतं.

यलोस्टोन १८७२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा मोटार अस्तित्वातच नव्हती. पर्यटक घोडागाडीने फिरत. माउंट रेनियरने १९०८ मध्ये मोटारींना रीतसर परवानगी दिली, योसेमिटीने १९१३ मध्ये, आणि यलोस्टोनने ऑगस्ट १९१५ पर्यंत ताणून धरलं. पुढच्याच वर्षी नॅशनल पार्क सर्व्हिस स्थापन झाली. तिचे पहिले संचालक स्टीफन मेदर हे टाकणखाराच्या धंद्यात पैसा केलेले गृहस्थ. त्यांचा हिशोब सरळ होता: मोटारी आल्या की माणसं येतील आणि माणसं आली की काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, पैसा देईल. झालंही तसंच, जरा जास्तच. वाटेल तिथे गाडी घालायची, झाडाखाली तंबू ठोकायचा, अशी १९२० च्या दशकातली तऱ्हा होती.

ही तऱ्हा मोडली ती एका वनस्पतिरोगतज्ज्ञाने. एमिलिओ माइनेके वन खात्यात होते. कॅलिफोर्नियातल्या रेडवूडच्या राईत माणसांच्या पायांनी आणि चाकांनी माती कशी दडपली जाते आणि मुळं कशी गुदमरतात, याचा त्यांनी अभ्यास केला. उपाय असा: कॅम्पग्राउंडमध्ये एकदिशा वळसा रस्ता, त्याला तिरके फुटलेले छोटे फाटे, एका फाट्यावर एकच गाडी. बाजूला मोठे दगड किंवा ओंडके पुरायचे, म्हणजे गाडी पुढे घुसणारच नाही. टेबल आणि चूल जागच्या जागी पक्की. १९३० च्या दशकात मंदीतल्या बेकार तरुणांच्या सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअरने देशभर अशी कॅम्पग्राउंड बांधली, आणि तोच साचा आजही चालू आहे. फाट्याची लांबी मात्र त्या काळच्या मोटारीला बेतलेली. मोटारीमागे जोडायच्या फिरत्या घराचं, म्हणजे ट्रेलरचं, वेड वाढलं ते नेमकं त्याच दशकात. एअरस्ट्रीम कंपनीचा ॲल्युमिनियमचा क्लिपर १९३६ चा. ट्रेलर डोळ्यांसमोर ठेवून काही ठिकाणी लांब फाटे काढले गेले, पण आजच्या ४० फुटी मोटरहोमचा विचार कोण करणार होतं?

रस्त्यांचीही तीच गत. झायनचा बोगदा १९३० चा. तो इतका अरुंद, की मोठी आरव्ही मधोमध न्यायची तर वर्षानुवर्षं समोरची वाहतूक थांबवावी लागायची. ग्लेशियरमधला गोइंग-टू-द-सन रोड १९३३ चा. डोंगराच्या कडेने जाणाऱ्या भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला मज्जाव. बर्फामुळे तो पूर्ण उघडायला बहुधा जून संपत येतो, म्हणजे वसंतातल्या सहलीतून तो आधीच बाद.

म्हणून एप्रिलसाठी दक्षिणेकडे वळावं, आणि माझ्या मते नॅचेझ ट्रेसइतकी चांगली वाट दुसरी नाही. मिसिसिपीतल्या नॅचेझपासून अलाबामाच्या कोपऱ्यातून टेनेसीतल्या नॅशव्हिलच्या वेशीपर्यंत ४४४ मैल. चॉक्टॉ आणि चिकासॉ लोकांची ही जुनी पायवाट. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ओहायो खोऱ्यातले शेतकरी-नावाडी माल भरलेले तराफे मिसिसिपीतून खाली आणत, माल विकत, तराफाही लाकडाच्या भावाने विकून टाकत आणि या वाटेने उत्तरेकडे चालत घरी जात. प्रवाहाविरुद्ध चालणारी आगबोट आली आणि वाट ओस पडली. पोर्ट गिब्सनजवळ जुन्या वाटेचा एक तुकडा शिल्लक आहे. तिथली माती वाऱ्याने आणून टाकलेली, भुसभुशीत. पायांनी आणि खुरांनी ती इतकी खचली आहे की दोन्ही बाजूंच्या दरडी माणसाच्या डोक्यावर जातात आणि उघडी पडलेली मुळं बाहेर लोंबतात.

या वाटेला धरून काढलेल्या आजच्या मोटररस्त्याचं, म्हणजे पार्कवेचं, बांधकाम १९३७ मध्ये सुरू झालं आणि शेवटचे तुकडे जोडले गेले ते थेट २००५ मध्ये. (सरकारी काम तिथेही सरकारीच.) मालट्रकना बंदी, जाहिरातींचे फलक नाहीत, बहुतेक ठिकाणी वेग ताशी ५० मैल, गाडीची लांबी मागे जोडलेल्या वाहनासह ५५ फुटांपर्यंत. एप्रिलमध्ये डॉगवुड फुललेला असतो.

ऐतिहासिक स्थळं या सहलीत सहज बसतात, त्यालाही एक सरकारी आदेश कारण आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या रणभूमी आधी युद्धखात्याकडे होत्या. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३३ मध्ये त्या पार्क सर्व्हिसकडे दिल्या. व्हिक्सबर्ग आणि शायलो दोन्ही ट्रेसपासून फार लांब नाहीत. शायलोची लढाई ६ आणि ७ एप्रिल १८६२ ची. दोन्ही बाजू मिळून मृत, जखमी आणि बेपत्ता असे सुमारे २३,७०० जण. वसंतात गेलात तर लढाईच्याच ऋतूतलं ते रान दिसतं.

युद्धोत्तर काळात आंतरराज्य महामार्ग आले, १९६२ मध्ये मोंटानात केओए या खासगी कॅम्पग्राउंडच्या साखळीची सुरुवात झाली, १९६६ मध्ये आयोवातल्या विनेबेगोने मोटरहोम कारखान्यात एकामागून एक बनवायला घेतली. वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी हे खासगी कॅम्पग्राउंडचं क्षेत्र झालं; पार्कातली अनेक जुनी कॅम्पग्राउंड मात्र होती तशीच राहिली. ट्रेसवरच्या रॉकी स्प्रिंग्ज, जेफ बझ्बी आणि मेरिवेदर लुइस या तिन्ही ठिकाणी पैसे लागत नाहीत, आगाऊ बुकिंग नाही, वीज नाही, टाकी रिकामी करायची सोयही नाही. तिसऱ्या ठिकाणी तर पश्चिमेची वाट शोधणाऱ्या लुइस यांची कबर आहे. ते १८०९ मध्ये तिथल्याच एका सरायीत वारले. त्यामुळे आखताना एक-दोन रात्री ट्रेसवर आणि मधली एक टुपेलो गावाच्या आसपास खासगी जागेत, पाणी आणि बॅटरी भरायला, असा हिशोब बसतो. ट्रेसवरच्या जागा शुक्रवारी लवकर भरू शकतात, तेव्हा ट्रेसवरच्या रात्री गुरुवारपर्यंतच ठेवा.