फाकारेवारेवा

फाकारेवारेवा म्हणजे न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर रोटोरुआ शहराच्या दक्षिण टोकाला असलेली गरम पाण्याच्या कुंडांची, उकळत्या चिखलाची आणि उंच फवाऱ्यांची दरी, आणि त्याच दरीत वाफेच्या मधोमध घरं करून राहणाऱ्या माओरी म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं गाव. रोमन लिपीतलं स्पेलिंग बघून आपण 'व्हाका' म्हणतो पण माओरीत wh या दोन अक्षरांचा उच्चार फ च्या जवळ जातो, आणि तिथले लोक तर नुसतं 'फाका' म्हणूनच मोकळे होतात. पूर्ण नाव आहे ते फाकारेवारेवातांगा ओ ते ओपे तौआ आ वाहिआओ, म्हणजे वाहिआओ नावाच्या सरदाराचं सैन्य जिथे जमलं ती जागा. एका दमात म्हणून बघा.

इथे जाणाऱ्यांचा पहिला घोळ तिकिटापासूनच होतो. दरी एकच आहे पण फाटकं दोन. एका बाजूने 'ते पुइया' नावाचं मोठं केंद्र आहे, तिथे पोहुतु हा मुख्य फवारा, लाकडी कोरीवकामाची आणि विणकामाची शाळा, कीवी पक्ष्यांचं घर, संध्याकाळचा नाच आणि जेवण असं सगळं मिळतं. दुसऱ्या बाजूने पुआरेंगा ओढ्यावरचा पूल ओलांडून गेलं की खरंखुरं गाव लागतं, जिथे तुहोउरांगी नाती वाहिआओ या माओरी कुळाचे लोक राहतात आणि त्यांच्यातलंच कोणीतरी तुम्हाला फिरवतं. मधे कुंपण आहे आणि तिकिटं वेगळी. गावातूनही पोहुतु दिसतो, फक्त लांबून. वेळ असेल तर दोन्ही बघावं, एकच बघायचं असेल आणि बरोबर लहान मुलं असतील तर ते पुइया, नाहीतर माझं मत गावाच्या बाजूने.

पाणी कुठून तापतं

रोटोरुआ ताउपो ज्वालामुखी पट्ट्यात येतं. पावसाचं पाणी जमिनीत खोल मुरतं, खालच्या तापलेल्या खडकांना लागून गरम होतं आणि फटींमधून वर येतं, येताना खडकातली सिलिका विरघळवून आणतं, ती वर येऊन थंड झाली की थरावर थर बसतो, म्हणून फवाऱ्यांच्या आजूबाजूचा दगड पांढुरका, पिवळसर आणि पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. आता फवारा का उडतो तर खालची नळी अरुंद असते, वरच्या पाण्याच्या वजनामुळे खालचं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळू शकत नाही, मग वरचं थोडं पाणी बाहेर सांडलं की दाब उतरतो आणि खालच्या सगळ्याची एकदम वाफ होते. बाथरूमच्या भिंतीवरचा आपला गिझर आणि हा फवारा (इंग्रजीत गीझर), शब्द एकच बरं का, आइसलंडमधल्या एका फवाऱ्याच्या नावावरून आलेला, फक्त आपल्याकडे तो भिंतीवर जाऊन बसला.

पोहुतु ३० मीटरपर्यंत उडतो, म्हणजे साधारण दहा मजली इमारत, दिवसातून वीसेक वेळाही उडतो, आणि दक्षिण गोलार्धातला सर्वात मोठा चालू फवारा म्हणून त्याचं नाव घेतात. शेजारीच 'प्रिन्स ऑफ वेल्स फेदर्स' नावाचा छोटा फवारा आहे, तो आधी सुरू होतो आणि मग पोहुतु, त्यामुळे छोटा उडायला लागला की मोबाइल काढून तयार राहायचं. वाऱ्याची दिशा बघून उभं राहा नाहीतर अंगावर कोमट शिंतोडे आणि चष्म्यावर सिलिकाचे डाग.

हा फवारा आज दिसतो त्यामागे एक भांडण आहे. रोटोरुआत लोकांनी घराघरात, हॉटेलांत बोअर मारून गरम पाणी आणि वाफ उपसायला सुरुवात केली, त्यामुळे जमिनीखालचा दाब घसरला आणि फवारे मंदावले, पापाकुरा नावाचा फवारा तर १९७९ मध्ये बंदच पडला. शेवटी सरकारने १९८७ च्या सुमारास पोहुतुपासून दीड किलोमीटरच्या आतले सगळे बोअर बंद करायला लावले. फुकटात घर गरम होत होतं ते गेल्यावर लोक चिडणारच. पण पाणी हळूहळू वर आलं, पोहुतु सावरला आणि पापाकुरा २०१५ मध्ये, म्हणजे ३६ वर्षांनी, पुन्हा उडाला. बोअर मारून मारून विहिरी कोरड्या पाडणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे जरा निवांत वाचावं.

माओरी लोकांकडे या उष्णतेची स्वतःची गोष्ट आहे. ते आरावा नावाच्या होडीतून आलेला नातोरोइरांगी हा पुरोहित टोंगारिरो डोंगरावर थंडीने गारठला, त्याने दूर हवाइकी या पूर्वजांच्या भूमीतल्या बहिणींना हाक मारली, ते पुपु आणि ते होआता या बहिणी अग्नी घेऊन समुद्राखालून निघाल्या आणि वाटेत जिथे जिथे वर आल्या तिथे तिथे जमीन तापली. फाकाआरी बेट, रोटोरुआ, तारावेरा, टोंगारिरो, हे सगळं त्या बहिणींच्या वाटेवर येतं, आणि नकाशा उघडून बघितलं तर भूशास्त्रवाल्यांचा ज्वालामुखी पट्टाही याच ओळीत आहे.

गाव आणि गाइड बायका

हे गाव आजच्या रूपात उभं राहिलं ते एका आपत्तीतून. तारावेरा सरोवराच्या काठी ते वैरोआ नावाचं गाव होतं, तिथले तुहोउरांगी लोक एकोणिसाव्या शतकातच परदेशी पाहुण्यांना होडीने गुलाबी आणि पांढऱ्या सिलिकाच्या पायऱ्या दाखवायला न्यायचे आणि त्यावर चांगले पैसे मिळवायचे. म्हणजे पर्यटन हे बाहेरून कोणी येऊन लादलेलं नव्हतं, धंदा यांचाच होता. १० जून १८८६ च्या पहाटे तारावेरा ज्वालामुखी फुटला, त्या पायऱ्या गेल्या, ते वैरोआ राखेखाली आणि चिखलाखाली गाडलं गेलं आणि सुमारे १२० माणसं मेली. सोफिया हिनेरांगी या गाइडबाईंचं घर उतरत्या छपराचं आणि भक्कम होतं म्हणून ते टिकलं आणि त्यात साठाहून जास्त लोक वाचले. याच सोफियाबाईंनी आणि त्यांच्या होडीतल्या पर्यटकांनी दहा-अकरा दिवस आधी सरोवरावर एक भुताची होडी पाहिल्याचं सांगितलं जातं, विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. वाचलेल्या लोकांतल्या बऱ्याच जणांना फाकाच्या नातलगांनी आसरा दिला आणि ते इथेच राहिले, गाइडचं कामही त्यांच्याबरोबर इथे आलं.

सोफियाबाईंनंतर नाव घ्यायचं ते मॅगी पापाकुरा यांचं. मूळ नाव मार्गारेट थॉम, माओरीत माकेरेती. एका पर्यटकाने तुमचं माओरी आडनाव काय असं विचारलं तर त्यांनी इकडेतिकडे बघितलं, समोर पापाकुरा फवारा होता, तेच सांगून टाकलं आणि आयुष्यभर तेच चिकटलं! १९०१ मध्ये ब्रिटिश युवराज दांपत्य आलं तेव्हा त्यांना दरी दाखवली ती मॅगींनी. पुढे त्या इंग्लंडला गेल्या, ऑक्सफर्डमध्ये मानववंशशास्त्र शिकल्या, स्वतःच्या लोकांबद्दल प्रबंध लिहिला पण तो सादर करण्याआधीच १९३० मध्ये वारल्या, आणि पुस्तक १९३८ मध्ये निघालं. आज जी गाइड तुम्हाला 'किया ओरा' म्हणून पुढे होते ती बहुतेक वेळा याच घरांतली कोणाची तरी पणती असते, त्यामुळे ती 'आमची आजी इथे आंघोळ करायची' म्हणते तेव्हा ते पाठ केलेलं भाषण नसतं.

गावात सगळ्यात बघण्यासारखं म्हणजे पारेकोहोरु हे मोठं कुंड. पाणी काचेसारखं निळसर, कडेला वाफ, आणि तळ दिसतोय असं वाटता वाटता तो दिसेनासा होतो. यात मक्याची कणसं पिशवीत घालून सोडतात आणि थोड्याच वेळात बाहेर काढतात, वर लोणी लावून हातात देतात, पाण्यातल्या क्षारांमुळे किंचित खारट लागतं आणि थंडीत ते कणीस हातात धरायलाच जास्त मजा येते. याच कुंडाचं पाणी पन्हळीने सिमेंटच्या उघड्या हौदांत नेतात, थोडं थंड होऊ देतात, आणि संध्याकाळी पर्यटक गेले की गावातले लोक तिथे आंघोळीला येतात. बाजूला जमिनीतल्या वाफेवर ठेवलेल्या लाकडी पेट्या आहेत, सकाळी भाजी-मटण आत ठेवायचं, झाकण लावायचं आणि कामाला जायचं, गॅसचं बिल नाही. दफनभूमीतल्या कबरी जमिनीच्या वर बांधलेल्या दिसतात कारण खाली खणलं तर गरम. आणि ओढ्यावरच्या पुलाखाली पाण्यात उभी असलेली पोरं वरून टाकलेली नाणी बुडी मारून काढतात, ही प्रथा पुष्कळ जुनी, काहींना ती खटकते, गावातले लोक म्हणतात आम्हीही लहानपणी हेच केलंय.

स्वागत, नाच, हांगी

ते पुइयात कार्यक्रमाची सुरुवात पोफिरी म्हणजे स्वागताने होते. पाहुण्यांमधून एकाला 'सरदार' नेमतात. मग समोरून योद्धा भाला फिरवत, डोळे वटारत, जीभ काढत येतो, याला वेरो म्हणतात, आणि तो जमिनीवर पानासारखी एक खूण ठेवतो. सरदाराने त्याच्या नजरेला नजर देऊन ती उचलायची, म्हणजे आम्ही शांततेने आलोय. इथे हसायचं नाही. आपल्या ग्रुपमधले काका लोक इथेच फसतात, घाबरून असेल की गंमत म्हणून पण खुदकन हसतात आणि मागून कोणीतरी 'व्हिडिओ घे व्हिडिओ घे' ओरडतं. मग बायकांची लांबलचक हाक, कारांगा, आणि नंतर होंगी म्हणजे नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ लावून एकमेकांचा श्वास वाटून घेणं. फारेनुई म्हणजे सभागृहात चपला बाहेर काढायच्या, हे आपल्याला सांगावं लागत नाही. टेबलावर बसायचं नाही आणि कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, डोकं पवित्र मानतात. हाका हा योद्ध्यांचा नाच आपण रग्बीवाल्यांच्या व्हिडिओत बघितलेला असतो, इथे समोरून पायाखालची लाकडी जमीन हलते तेव्हा वेगळं वाटतं.

नाचणाऱ्यांच्या कमरेला खुळखुळणारा घागरा असतो तो पिउपिउ, आणि तो कसा करतात ते विणकामाच्या खोलीत थांबून जरूर बघा. हाराकेके या झुडपाचं लांब हिरवं पान घेतात, मोजून खुणा करतात आणि शिंपल्याच्या धारेने तेवढ्याच जागी हिरवी साल खरवडतात, आतून पांढरा रेशमासारखा धागा उघडा पडतो. मग पान उकळून वाळवलं की साल असलेला भाग आपोआप गुंडाळून नळीसारखा कडक आणि पिवळा होतो, आणि रंगात बुडवलं की उघडा धागा तेवढा काळा होतो, सालीवर रंग चढतच नाही. नक्षी आधी डोक्यात असते, दिसते सगळ्यात शेवटी. कोरीवकामाची शाळाही इथलीच, १९६३ च्या कायद्याने ते पुइया चालवणारी संस्था स्थापन झाली, शाळा १९६७ मध्ये सुरू झाली, आणि २०२० मध्ये सरकारने सगळी मालकी स्थानिक माओरी गटांना परत दिली. उशीर केला, पण दिली.

हांगी म्हणजे जमिनीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर झाकून शिजवलेलं जेवण. रायगडकडची पोपटी ज्यांनी खाल्लीय त्यांना समजावून सांगायची गरज नाही, तिकडे भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा, इकडे कोंबडी, मेंढीचं मटण, डुक्कर, बटाटे, भोपळा आणि कुमारा म्हणजे रताळं. फाकात दगडांच्या ऐवजी थेट जमिनीतली वाफ वापरतात. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा आणि वेगळं शिजवतात का तेही स्पष्ट विचारा, कारण सगळं एकाच पेटीत असू शकतं.

जाताना

ऑकलंडहून रोटोरुआ साधारण २३० किलोमीटर, गाडीने तीन तास. शहरात शिरताच सडक्या अंड्यांचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा, तासाभरात नाकाला सवय होते. दम्याचा त्रास असेल तर जपून. चांदीची जोडवी, पैंजण हॉटेलवर काढून ठेवा, काळी पडतात, मंगळसूत्राच्या सोन्याला काही होत नाही. आखलेली वाट सोडून पाऊलही टाकू नका, वरचा पापुद्रा पातळ असतो आणि खाली उकळतं पाणी. कुठल्याही नैसर्गिक गरम पाण्यात डोकं बुडवायचं नाही, नाकातून जाणाऱ्या अमिबामुळे मेंदूचा जीवघेणा आजार होऊ शकतो. आणि हो, मुंबई इंडियन्सवाल्यांसाठी, ट्रेंट बोल्ट याच रोटोरुआत जन्मला.

जवळच वाइओतापु आहे, साधारण तीस किलोमीटर दक्षिणेला, तिथला लेडी नॉक्स फवारा रोज सकाळी सव्वादहाला साबण टाकून उडवतात, गर्दी बरीच असते पण केशरी कडेचं 'शॅम्पेन पूल' हे कुंड त्यासाठी सोडू नये. खिसा रिकामा झालाच असेल तर शहरातल्या कुइराउ पार्कमध्ये जा, उकळता चिखल तिथेही आहे, आणि पाय सोडून बसायला गरम पाण्याचे हौद आहेत, तिकीट नाही.