ल्यूसीच्या वाट्याला काय आले: एका फसलेल्या वेस्टर्नची पार्श्वभूमी

इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेचा हात लागूनही 'अ जीनियस, टू पार्टनर्स अँड अ ड्यूप' (१९७५) निराशा का करतो आणि त्यातली नायिका ल्यूसी दुय्यम का राहते, हे समजून घ्यायचे तर आधीच्या दशकभरात इटालियन वेस्टर्नने, म्हणजे इटलीत बनलेल्या काउबॉय-बंदूकबाजांच्या चित्रपटांनी, स्त्रीला कोणती जागा दिली, ते पाहावे लागते. लिओनेच्याच 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'मधली (१९६४) मारिसोल गुंडाच्या ताब्यातली आई आहे. तिच्या सुटकेतून नायकाचा चांगुलपणा दिसतो, ती स्वतः फारसे बोलतही नाही.

हा साचा मोडला तोही लिओनेनेच. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मध्ये (१९६८) क्लॉडिया कार्डिनालेची जिल रेल्वे स्थानकावर उतरते, घ्यायला कोणीच आलेले नाही हे तिच्या ध्यानात येते, कॅमेरा खिडकीबाहेरून तिला आत चौकशी करताना पाहतो आणि मग छपरावरून वर चढत पलीकडचे नवे गाव उलगडतो. पुढे पुरुषांची सारी वैरे तिच्याच जमिनीभोवती फिरतात. या शैलीत स्त्रीला इतके वजन क्वचितच मिळाले.

परंतु १९७० साली 'दे कॉल मी ट्रिनिटी' तुफान चालला आणि दोन पुरुषांची थट्टामस्करी व मारामाऱ्या हेच विनोदी वेस्टर्नचे भांडवल ठरले. त्याचाच नायक टेरेन्स हिल याला घेऊन, लिओनेच्या निर्मितीत, दिग्दर्शक दामियानो दामियानीने 'अ जीनियस, टू पार्टनर्स अँड अ ड्यूप' केला. सुरुवातीचा प्रसंग लिओनेने स्वतः चित्रित केला, तरी श्रेयनामावलीत त्याचे नाव नाही. दामियानीचा पिंड राजकीय चित्रपटांचा; विनोदाची लय त्याला सापडलेली दिसत नाही.

इटली, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीच्या या सहनिर्मितीत ल्यूसीच्या भूमिकेत फ्रेंच अभिनेत्री मिउ-मिउ आली. दोन पुरुष आणि एक स्त्री अशाच त्रिकुटाच्या 'ले वाल्सूज'ने (१९७४) ती फ्रान्समध्ये नुकतीच गाजली होती. इथे मात्र मेजर कॅबटचे तीन लाख डॉलर लुबाडण्याच्या कटात ती सामील असली, तरी डोके हिलने साकारलेल्या 'जो'चे चालते आणि ल्यूसी दोन मित्रांच्या ओढाताणीचे निमित्त होऊन राहते, याचे खरोखर वाईट वाटते.

त्यातच रोममधून मूळ निगेटिव्हची चोरी झाली. पासोलिनी आणि फेलिनी या इटालियन दिग्दर्शकांच्या चित्रपटांची रिळेही त्याच वेळी गेली. चोरांनी मागितलेली खंडणी न देता, बाजूला ठेवलेल्या टेक्समधून (त्याच दृश्यांच्या न वापरलेल्या चित्रणांतून) चित्रपट पुन्हा जुळवावा लागला. त्यामुळे काही दृश्ये ढिली पडली असतील, पण ल्यूसीवरचा अन्याय पटकथेतच झालेला होता. मिउ-मिउची खरी ताकद पुढे 'ला देरोबाद'मध्ये (१९७९) दिसली; त्यासाठी तिला फ्रान्सचा सेझार हा चित्रपट पुरस्कार जाहीर झाला आणि तो तिने नाकारला.