राग-वाद्यवृंद मैफल

भारतीय शास्त्रीय संगीतातील गायक किंवा वादक आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांनी एकत्र सादर केलेल्या, बव्हंशी लिखित कार्यक्रमास ही संज्ञा लावता येते. मराठवाड्यात ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की गणेशोत्सवातला सिनेगीतांचा संच आठवतो; येथे मात्र संचालकाच्या खुणेवर, स्वरलिपी समोर ठेवून वाजवणारा वादकांचा मोठा ताफा अभिप्रेत आहे.

या प्रकाराची महत्त्वाची सुरुवात म्हणजे रविशंकर यांची १९७१ मधील पहिली सतार-कंचेर्टो, म्हणजे एकल सतार आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि संचालक आंद्रे प्रेविन यांच्यासह सादर झालेल्या या रचनेचे चार भाग खमाज, सिंधी भैरवी, अडाणा व मांज खमाज या रागांत आहेत. मुंबईत २००६ मध्ये स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने २०१५ मध्ये झाकीर हुसेन यांची तबल्यासाठीची ‘पेशकार’ ही रचना सादर केली. छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडच्या रसिकाला असे काही प्रत्यक्ष ऐकायचे तर बहुधा मुंबईच गाठावी लागते.

ऐकण्याची खरी गंमत सूर जुळवतानाच सुरू होते. ओबो या लाकडी फुंकवाद्याचा वादक पेटीवरच्या पांढरी सहा पट्टीचा स्वर धरतो आणि सारा वृंद त्या स्वरावर येऊन स्थिरावतो; सतारीचा षड्ज (सा) बहुधा काळी एकच्या आसपास असतो, आणि तबलजी हातोडीने गजरा, म्हणजे तबल्याच्या कडेची चामड्याची वेणी, ठोकत वेगळ्याच स्वराच्या शोधात असतो. त्यात वृंदातील ठरावीक स्वरांचे लाकडी फुंकवाद्य मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, सतारीइतक्या लवचिकपणे घेऊ शकत नाही, म्हणून चांगला रचनाकार रागाचा नाजूक भाग एकल वादकाकडेच ठेवतो. पाश्चात्त्य स्वरसंवादांचा दाट थर रागावर चढवला की राग गुदमरतो, आणि अशा रचना थोड्या नाहीत.

दाद देण्याचा प्रश्न त्याहून अवघड आहे. पाश्चात्त्य मैफलीत दोन भागांमध्येही टाळ्या वाजवत नाहीत. खुलदाबादच्या उरुसातील कव्वाली, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील रागबद्ध कीर्तन आणि गावोगावची भजने ऐकून तयार झालेल्या कानाला मात्र समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ‘वा’ आवरत नाही. एकल वादक उत्स्फूर्त वाजवत असताना ती दाद शोभते, पण लिखित भाग सुरू होताच वृंदातील चेलो या खर्जाच्या तंतुवाद्याचा हळुवार स्वर तिच्याखाली बुडतो.

उघड्यावरच्या मंचाची अडचण वेगळीच आहे. वेरूळ-अजिंठा महोत्सवासाठी छत्रपती संभाजीनगरच्या सोनेरी महालासमोर मांडलेल्या मंचावर तंतुवाद्यांच्या नादाला परतवणाऱ्या भिंती नसतात, सारा तोल ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याच्या हाती जातो, आणि हिवाळी रात्रीच्या गारव्यात तंबोरा मध्येच पुन्हा लावावा लागतो.